दोन वाटांचं विमान

तिला सगळ्याजणी भिंगबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणंच तिला आधी ऐकू यायचं, त्यामुळे नाव तिलाही ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. विमानं साफ करणाऱ्या बायकांच्या टोळीत ती सगळ्यांत जुनी. प्रवासी उतरले की बादल्या, फडकी आणि कचऱ्याच्या पिशव्या घेऊन आत शिरायचं, सीटांचे खिसे उपसायचे, टेबलं पुसायची, साफ झालेल्या सीटवर कमरेच्या पट्ट्यांची फुली करून ठेवायची. आणि हे करता करता कुणी काही विसरलंय का, किंवा विसरल्याचं सोंग करून मुद्दाम ठेवून गेलंय का, ते बघायचं. यातलं शेवटचं काम भिंगबाईचं खरं काम. बाकीचं ती पगारापुरतं करायची.

कुणाकुणाला वयोमानाने संशय जडतो, हिला तो जन्मजात होता. दूधवाला हसला तर आज दुधात पाणी जास्त, नाही हसला तर त्याहून जास्त. शेजारीण साखरेची वाटी परत द्यायला आली की वाटी आपलीच आहे ना, हे ती दारात उभी राहून उजेडात धरून पाहायची आणि शेजारणीसमोर पाहायची. दीर वेळेवर घरी आला तर नोकरी गेली की काय, उशिरा आला तर गेली ती कधीच गेली, आपल्याला आज कळतंय. सुतावरून स्वर्ग गाठायला तिला सूतसुद्धा लागत नसे.

अलीकडे तर सगळं जगच तिच्या वाइटावर टपलं होतं. वाण्याने डाळीतले खडे वाढवले होते. सुया करणारे कारखाने नेढी बारीक करू लागले होते. विमानवाले वीज वाचवायला आतले दिवे मंद ठेवत होते आणि चष्मेवाल्याने तिला भलत्याच कुणाच्या काचा बसवून दिल्या होत्या. या सगळ्यांचं आपसात काही संगनमत असावं असं तिला वाटे. फक्त सिद्ध व्हायचं बाकी होतं.

घरात माणसं तीनच. भिंगबाई, तिचा धाकटा दीर आणि त्याची बायको. दीर बसच्या कारखान्यात मिस्त्री. त्याच्या बायकोला भिंगबाई ‘धाकटे’ म्हणायची, म्हणून विमानतळावरही ती सगळ्यांची धाकटीच झाली. भिंगबाईचा नवरा वारल्यानंतर ही धाकटी घरात आली. नवी नवरी दोन महिने रिकामी बसलेली पाहून भिंगबाईने तिला कामावर चिकटवून घेतलं आणि स्वतः शिकवलं. पहिला धडा एकच: “सीटच्या फटीत हात घालायच्या आधी नजर घालायची. लोक ब्लेड टाकतात, सुया टाकतात. नजर आधी, हात मागून. समजलं?” धाकटीने मान हलवली होती आणि पुढे कित्येक वर्षं दोघींची जोडी कुणी मोडली नव्हती.

ही वर्षं लहान विमानांतली. भिंगबाई त्याला ‘बोळ’ म्हणायची. तीन सीटा इकडे, तीन तिकडे आणि मध्ये एकच वाट, तीही अशी की दोघी एकदम वाकल्या तर पाठी घासायच्या. दोघींनी शेपटाकडून सुरुवात करायची, डावीकडच्या तीन हिच्या, उजवीकडच्या तीन तिच्या, आणि नाकापर्यंत सरकत जायचं. पुढचे प्रवासी दाराशी ताटकळलेले, म्हणून हात भराभर चालवायचे. पण बोळाचं एक बरं होतं. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचं झाडून सगळं दिसे. कोण वाकलं, कोण बसलं, कुणाचा हात खिशाकडे गेला. भिंगबाईसाठी याहून सुखाची जागा देवाने केली नव्हती.

त्या बायकांचा एक रिवाज होता. वरून आलेला नियम नव्हे, बायकांनीच पाडलेला. वस्तू दिसली की हात लावायचा नाही. आधी मोठ्याने “सापडलं!” म्हणून सीटचा नंबर सांगायचा. जोडीदारणीने “ऐकलं!” म्हणायचं. मगच उचलायची आणि सुपरवायझरच्या हवाली करायची. कारण उद्या चोरीचा आळ आला तर “मी ऐकलं होतं” म्हणणारं एक तोंड लागतं. आवाज न देता वस्तूला हात लावणारी बाई ही बायकांच्या लेखी चोरच. मग ती वस्तू पेन असो की पाटली.

सुपरवायझरला सगळ्या शिट्टी म्हणायच्या, कारण तो जवळ यायच्या आधी त्याची शिट्टी यायची. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे एक वाईट काम होतं. अधूनमधून तो विमानात कुठेतरी एक ‘खोटी वस्तू’ दडवून ठेवायचा, काळी डबी किंवा फुटका मोबाइल, आणि बायकांना ती सापडते का ते बघायचा. एकदा चुकलं तर समज. दुसऱ्यांदा चुकलं की विमानातून कायमची उचलबांगडी, थेट ब्लँकेटांच्या खोलीत. ती खोली तळघरात. खिडकी नाही. दिवसभर लोकांनी पांघरलेली ब्लँकेटं घडी करायची.

आणि भिंगबाईची एकदा चुकली होती. बोळातच, खिडकीजवळच्या सीटखाली, काळी डबी काळ्या गालिच्यावर. “मी निघाल्यावर ठेवली असेल मेल्याने,” असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही पटवलं. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. ब्लँकेटांच्या खोलीत पाहायला काही नव्हतं, कुणी नव्हतं. संशय घ्यायचा तरी कुणाचा, ब्लँकेटांचा?

त्याच सुमारास विमानतळावर मोठी विमानं उतरायला लागली आणि जुन्या जोड्या तिकडे गेल्या. भिंगबाई पहिल्यांदा त्या दारातून आत शिरली आणि तिथेच थबकली.

“हे विमान आहे की लग्नाचं कार्यालय?” ती म्हणाली.

तीन सीटा, मग वाट, मग मध्ये चार सीटांचा सलग ओटा, मग दुसरी वाट, मग पुन्हा तीन सीटा. दोन वाटा! एका वाटेत उभं राहिलं की दुसऱ्या वाटेतलं माणूस छातीपासून वर दिसायचं, वाकलं की गडप. मध्येच संडास, मध्येच चहाची कपाटं, मध्येच पडदे. मागे एक अरुंद दार, त्याच्या आत जिना, आणि जिन्यावर विमानातल्या नोकरमाणसांना झोपायला माळा. विमानात माळा! भिंगबाई तो माळा दोनदा तपासून आली तरी तिचं समाधान झालं नाही.

पोटाचंही तसंच. बोळाच्या पोटात हमाल गुडघ्यांवर रांगत जायचे आणि एकेक बॅग हाताने रचायचे. या विमानाच्या पोटात बॅगा नव्हेत, पत्र्याचे खोलीएवढे डबे जायचे, बंद, यंत्राने ढकललेले. “आत काय आहे ते कुणी पाहिलंय?” तिने एका हमालाला विचारलं. “बॅगा असतात बाई.” “तू पाहिल्यास?” “मी कशाला पाहू? डबा भरूनच येतो.” भिंगबाईने धाकटीकडे असं पाहिलं, की बघ, आता तूच बघ.

आणि सीटांची अक्षरं! बोळात ए ते एफ, सहा, संपलं. इथे एच झाल्यावर एकदम जे. मधला आय गायब. तिने शिट्टीला गाठलं.

“अहो, आय आणि एक सारखे दिसतात,” शिट्टी म्हणाला. “प्रवाशांचा घोटाळा होतो, म्हणून ते अक्षर गाळतात. लहान विमानात अक्षरं तिथवर पोचतच नाहीत, म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही.”

“सारखं दिसतं म्हणून अख्खी सीट गाळली?”

“सीट नाही हो, अक्षर! सीटा दहाच्या दहा आहेत, मोजा.”

तिने मोजल्या. दहा भरल्या. तरी कुठेतरी पाणी मुरतंय, हे मत तिने सोडलं नाही.

माणसंही वेगळी. बोळातून येणारे तासा-दोन तासांचे पाहुणे, ते वर्तमानपत्र विसरायचे, फार तर छत्री. या विमानातले अर्धी पृथ्वी ओलांडून येणारे. आत जेवायचे, झोपायचे, मोजे काढायचे, नवरा-बायको भांडायचे. ते मोजे विसरायचे, उशा, चष्मे, औषधं, एकदा तर वरची कवळी. पण एक गोष्ट भिंगबाईला मानावीच लागली. ही लांबची माणसं विसरण्यातही नीटनेटकी होती. वस्तू सीटच्या मधोमध, बऱ्याचदा खाली पांढरा कागदी रुमाल अंथरून ठेवलेली. गडद निळ्या सीटवर तो पांढरा रुमाल लांबूनच दिसे. “सापडलं!” भिंगबाई ओरडायची. पलीकडच्या वाटेतून “ऐकलं!” यायचं.

असं एकेका विमानात तीन-तीन, चार-चार वेळा. एकदा शिट्टीची काळी डबीसुद्धा अशीच मिळाली, रुमालावर आयती. शिट्टी खूश झाला. “मोठं विमान मानवलं हो तुम्हाला, भिंगबाई!” बोलल्यावर त्याने जीभ चावली, पण ती चिडली नाही. ब्लँकेटांची खोली दूर सरकली होती. कितीतरी दिवसांनी ती घरी जाताना गुणगुणली.

आणि माणूस सुखात असलं की त्याला खुपायला काहीतरी लागतंच. धाकटीचा आवाज बंद झाला होता.

बोळात धाकटी विमानागणिक एकदा तरी “सापडलं” म्हणायची. इथे आल्यापासून नाही. मधल्या चार सीटांतल्या डी आणि ई भिंगबाईच्या, एफ आणि जी धाकटीच्या. शिवाय धाकटीकडे उजवीकडच्या तीन. म्हणजे दोघींच्या सीटा सारख्या. मग सगळे विसराळू डावीकडे बसतात आणि उजवीकडे काय साधुसंतच बसतात?

दुसरी गोष्ट फुल्यांची. भिंगबाई आपल्या डी-ईपाशी पोचायची तेव्हा पुष्कळदा तिथल्या पट्ट्यांची फुली आधीच झालेली असायची. म्हणजे धाकटीचा हात आपल्या सीटांपर्यंत येऊन गेलेला.

“अगं, माझ्या सीटा तू का करतेस?”

“माझं उरकलं होतं, जाऊबाई. तुमची कंबर धरते ना, म्हणून.”

“माझ्या कंबरेला काय धाड भरलीय?”

धाकटी हसली आणि पलीकडे खाली वाकली. वाकली ती गडप. चार सीटांच्या ओट्यापलीकडे ती काय करत होती, कुणास ठाऊक. भिंगबाईने टाचा उंचावल्या, तरी पलीकडे फक्त निळ्या पाठी दिसत होत्या, सीटांच्या.

तिसरी गोष्ट घरची. दोन खोल्यांच्या मधली फळी छतापर्यंत पोचलेली नव्हती. संध्याकाळी भिंगबाई अंथरुणावर बसल्या बसल्या डाळ निवडत होती. पलीकडून दिराचा आवाज आला.

“किती दिवस लपवणार आहेस? एक दिवस पकडली जाशील.”

“अहो, हळू बोला.”

“मग सरळ सांगून टाक.”

“सांगायचं कुणी? तुम्ही सांगा. घरात महाभारत होईल. आणि कामावर कळलं तर नोकरीच गेली.”

भिंगबाईच्या हातातली डाळ ताटात पडली. दुसऱ्या दिवशी दोघं बाहेर असताना तिने धाकटीचं कपाट उलथंपालथं केलं. साड्यांच्या घड्या, उशांचे अभ्रे, चपलांचा खोका, सगळं. काही सापडलं नाही, आणि हाच तिला सगळ्यांत मोठा पुरावा वाटला. घरात ठेवण्याइतकी धाकटी कच्ची नाही, मीच शिकवलीय तिला.

खरं सांगायचं तर तिला राग कमी आणि दुःख जास्त होतं. दूधवाल्याने फसवलं तर त्यात नवल काय, तो दूधवालाच आहे. पण धाकटी? तापात डोक्याशी बसणारी, पहिला घास हिच्या ताटात वाढणारी धाकटी? पकडून देणं तिच्या मनात नव्हतं. घरचं घरातच मिटवायचं होतं. विमानातच, दोघींत, “दाखव खिसा” म्हणायचं, वस्तू काढून घ्यायची, दोन थोबाडीत द्यायच्या आणि वर आयुष्यभर उपकार करायचे. पण त्याआधी खात्री हवी. म्हणून तिने सापळा लावायचं ठरवलं.

सापळ्यात ठेवायचं काय? घरातला चमचान्‌चमचा धाकटीच्या हातचा, ती ओळखणार. भिंगबाईच्या ट्रंकेच्या तळाशी मात्र जुन्या रुमालात बांधलेली एक वस्तू होती, जी धाकटीने कधी पाहिली नव्हती. नवऱ्याचं घड्याळ. चांदीच्या घराचं, किल्लीचं, पट्टा तुटलेलं, केव्हाच बंद पडलेलं. जगात या एकाच माणसावर भिंगबाईने कधी संशय घेतला नव्हता. घ्यायला त्याने वावच दिला नव्हता. सहाला येतो म्हणाला की घड्याळात सहा वाजताना दारात. ज्या दिवशी आला नाही त्या दिवशी तिने दुसरं काही मनात आणलंच नाही. तिला कळलंच, की आता तो येणार नाही.

घड्याळ संध्याकाळी परत ट्रंकेत जाणार होतं. एका दिवसाचा तर प्रश्न.

आता, विमानात शिरताना अंगावर काही न्यायचं नाही असा सक्त नियम. अंगठ्या, घड्याळं, सगळं दाराशी काढून ठेवायचं. चुकून नेलं तर घरी बसायचं. पण भिंगबाईच्या अंबाड्यात मूठभर आकडे असत आणि यंत्र रोजच तिच्या डोक्याशी किंचाळायचं. दारावरची बाई कंटाळून म्हणायची, “आकडे ना? जा.” त्या दिवशीही म्हणाली. सगळ्या विमानतळावर डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी बाई नवऱ्याचं घड्याळ अंबाड्यात खोचून आत गेली आणि कुणालाही तिचा संशय आला नाही.

बादली विसरल्याचं निमित्त करून ती सगळ्यांच्या आधी आत शिरली. चौतिसावी रांग, ई सीट. उशी आणि पाठ यांच्या फटीत तिने घड्याळ खोल खुपसलं. मग शेपटाकडे जाऊन नेहमीसारखी कामाला लागली. धाकटी पलीकडच्या वाटेत आली. “आज फार घाण केलीय हो लोकांनी,” ती म्हणाली. भिंगबाईने हुं केलं.

एकेक रांग मागे पडत गेली. धाकटी रोजच्यासारखी दोन रांगा पुढे होती, उठत होती, वाकत होती, गडप होत होती. भिंगबाईचे कान तिकडे लागले होते. आता ती चौतिसाशी आली असेल. आता हात घातला असेल. बोल, धाकटे, बोल! एकदा म्हण “सापडलं”, मी तुझे पाय धरीन.

पलीकडून काही आवाज आला नाही. धाकटी पुढच्या रांगेत गेली.

भिंगबाई चौतिसाव्या रांगेत पोचली. डीकडे तिने पाहिलंही नाही, ईवर पट्ट्यांची फुली झालेली. तिने स्वतःचाच धडा मोडला. नजर न घालताच फटीत हात घातला. फट रिकामी होती. तिने कोपरापर्यंत हात घालून बोटं फिरवली. रिकामी. म्हणजे खरंच. जिला हाताला धरून आणली तिनेच... भिंगबाईला रडू फुटायच्या बेतात होतं आणि त्याच वेळी छातीत कुठेतरी एक आवाज म्हणत होता, बघ, मी म्हणत नव्हते? या दुसऱ्या आवाजाची तिला पुढे फार लाज वाटली.

उठायला म्हणून तिने डी सीटवर हात टेकला. हाताखाली कागद चुरगळला.

पांढरा कागदी रुमाल. नीट उलगडून सीटच्या मधोमध अंथरलेला, चारी कोपरे सरळ केलेले. त्यावर बरोबर मध्ये, काच वर करून, घड्याळ.

भिंगबाई खाली बसली. सीटवर बसायला मनाई असताना बसली. तिला कवळी आठवली, रुमालावरची. चष्मे आठवले, रुमालावरचे. शिट्टीची काळी डबी आठवली. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेली, मोजे भिरकावणारी माणसं वस्तू विसरताना तेवढा रुमाल अंथरत नव्हती. तिच्या फटींत, तिच्या सीटांखाली जे तिला दिसत नव्हतं ते धाकटी काढून ठेवत होती, आणि स्वतःच्या वाटेतलंही आणून ठेवत होती, जिथे आंधळ्यालाही दिसेल तिथे. आवाज न देता. दर वेळी त्या वस्तूला हात लावताना धाकटी चोर ठरू शकत होती, आणि रोज ठरायला तयार होती. “एक दिवस पकडली जाशील.”

वाणी, सुया, दिवे, चष्मेवाला. सगळ्या जगावर संशय घेऊन झाला होता. एवढ्या मोठ्या संशयाच्या पसाऱ्यात तिने फक्त स्वतःचे डोळे सोडले होते.

तिने घड्याळ उचलायला हात पुढे केला आणि तसाच राहू दिला. पलीकडच्या वाटेत फडक्याचा आवाज थांबला होता.

धाकटी वाट पाहत होती. “सापडलं” कधी येतं त्याची. आणि भिंगबाईच्या पायाखालची जमीन सरकली. आवाज दिला तर घड्याळ पिशवीत जाणार, त्यावर चिठ्ठी लागणार, हरवलेल्या वस्तूंच्या फळीवर बसणार. माझं आहे म्हणावं तर अंबाड्यातून नेलेलं कबूल करायचं आणि रुमालावर कुणी ठेवलं तेही विचारलं जाणार, दोघी घरी. आवाज न देता गपकन अंबाड्यात घालावं, तर कुणालाच कळणार नव्हतं. एका माणसाखेरीज. पलीकडे ते एक माणूस फडकं हातात धरून ऐकत उभं होतं, आणि त्याच्या मनात आज पहिल्यांदाच येणार होतं की जाऊबाई चोर आहे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेली.

संशय किती झोंबतो हे तिने आजवर फक्त देऊन पाहिलं होतं.

तिने घड्याळावरून एकदा अंगठा फिरवला. बंद होतं, कुठलीशी वेळ दाखवत होतं, काटे तिला स्पष्ट दिसले नाहीत.

“सापडलं!” ती ओरडली. आवाज चिरकला. “चौतीस डी!”

“ऐकलं!” पलीकडून लगेच आलं, आणि त्यात सुटल्याचा श्वास होता.

शिट्टी शिट्टी वाजवत आला. घड्याळ उजेडात धरून म्हणाला, “जुनं आहे हो. कुणाच्या आजोबांचं असेल. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही बघा.” त्याने ते पिशवीत टाकलं. भिंगबाईने पिशवी बंद होताना पाहिली आणि फडकं उचललं.

संध्याकाळी घरी दीर अजून आला नव्हता. धाकटी स्वयंपाकघरात होती, भिंगबाई बाहेरच्या खोलीत, डाळीचं ताट मांडीवर घेऊन. ती डाळ निवडत नव्हती.

“जाऊबाई,” धाकटी आतून म्हणाली, “ते घड्याळ किती जपलेलं होतं ना? पट्टा तुटला तरी टाकलं नव्हतं. कुणाची तरी आठवण असणार. येईल बिचारा शोधत.”

“नाही यायचा.”

“का हो? येतात कधीकधी.”

“तो आला असता तर वेळेवर आला असता,” भिंगबाई म्हणाली.

आत भांड्याचा आवाज थांबला. धाकटीला काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. भिंगबाईने ते विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. काही न कळता राहू दिलेली तिच्या आयुष्यातली ती पहिली गोष्ट. मधली फळी नेहमीसारखीच अर्धवट होती. भिंगबाईने ताट बाजूला ठेवलं, चष्मा काढून त्यावर ठेवला आणि दाराच्या दिशेने, जिथे धाकटी असावी असं वाटलं तिथे पाहिलं.

“धाकटे,” ती म्हणाली, “मला नीट दिसत नाही गं. बरेच दिवस झाले.”

आतून, रोजच्या कामावरच्या आवाजात, पण जरा ओला झालेला शब्द आला.

“ऐकलं.”